साळवे, मुक्ता

साळवे, मुक्ता : (सु. १८४१– ?). जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात चालविलेल्या शाळेतील मांग (मातंग) समाजाची विद्यार्थिनी आणि ‘मांगमहारांच्या दुःखाविषयी’ या निबंधाची लेखिका. हा निबंध ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाच्या १५ फेब्रुवारी व १ मार्च १८५५ च्या अंकांत दोन भागांत प्रसिद्ध झाला. त्यावेळी ती चौदा वर्षांची होती व तिच्या शिक्षणास सुमारे तीन वर्षे झाली होती. अस्पृश्य गणल्या गेलेल्या समाजातील स्त्रीने लिहिलेल्या मराठी गद्यापैकी आज ज्ञात असलेले हे सर्वांत जुने छापील लेखन होय. राजे, पंडित आणि अधिकारी यांची चरित्रे विपुल कागदपत्रांवरून सिद्ध करता येतात. मुक्तेचे चरित्र मात्र मुख्यतः दोन गोष्टींवरून उलगडते : ती ज्या शाळेत शिकली त्या शाळेचा वृत्तांत आणि तिने स्वतः लिहिलेला निबंध.

पार्श्वभूमी : मुक्तेच्या जन्मापूर्वी सुमारे तेवीस वर्षे, म्हणजे १८१८ मध्ये, पेशवाईचा शेवट झाला होता. पुण्यात इंग्रजी अंमल सुरू झाला. तथापि समाजाची घडी मोठ्या प्रमाणात पूर्वीचीच राहिली. मांग ही गावगाड्यातील बलुतेदार जात होती. दोर वळणे, केरसुण्या करणे, मंगल प्रसंगी वाद्ये वाजविणे इ. कामे तिच्याकडे असत. कामाचा मोबदला धान्याच्या व उरल्यासुरल्या अन्नाच्या रूपाने मिळे. गावाबाहेरील वस्ती, सार्वजनिक पाणवठ्यांची बंदी आणि स्पर्शाचा व सावलीचा विटाळ हे तिच्या नित्य जीवनाचे भाग होते. विद्येशी तर तिचा संबंधच येत नसे. १८२१ मध्ये पुण्याच्या विश्रामबागवाड्यात सरकारी आश्रयाने जी संस्कृत पाठशाळा निघाली, ती आरंभी केवळ ब्राह्मण विद्यार्थ्यांसाठीच होती.

मुलींच्या शिक्षणाची स्थिती याहून फारशी निराळी नव्हती. अमेरिकन मिशनने १८२४ मध्ये मुंबईत मुलींची शाळा काढली आणि पुढे इतर मिशनांनीही तसे प्रयत्न केले. अहमदनगर येथील मिस फॅरार यांची मुलींची शाळा पाहून जोतीरावांना स्त्रीशिक्षणाची प्रेरणा मिळाली. १८४८ मध्ये त्यांनी पुण्याच्या बुधवार पेठेत मुलींची शाळा सुरू केली. तेथे शिकविण्यासाठी त्यांनी पत्नी सावित्रीबाईंना प्रथम घरी शिकवून तयार केले. शाळेकडे जाताना सावित्रीबाईंना शिव्याशाप सोसावे लागले व अंगावर शेणचिखल झेलावा लागला. शूद्रातिशूद्रांस व स्त्रियांस शिकविण्याच्या या कार्यामुळे १८४९ मध्ये पतिपत्नींना वडिलांचे घरही सोडावे लागले.

शाळा : हंटर शिक्षण आयोगापुढे १८८२ मध्ये सादर केलेल्या निवेदनात जोतीरावांनी आपल्या शाळांचा क्रम थोडक्यात सांगितला आहे. मुलींची शाळा काढल्यानंतर एका वर्षाने आपण कनिष्ठ मानलेल्या वर्गांसाठी, विशेषतः महार व मांग यांच्यासाठी, एक मिश्र शाळा काढली. पुढे या वर्गांसाठी आणखी दोन शाळांची भर घातली आणि या शाळांतून नऊदहा वर्षे काम केले, असे ते म्हणतात. याच काळात मुलींच्या शाळाही वाढत होत्या. ३ जुलै १८५१ रोजी चिपळूणकरांच्या वाड्यात, १७ सप्टेंबर १८५१ रोजी रास्ता पेठेत आणि १५ मार्च १८५२ रोजी वेताळ पेठेत अशा तीन शाळा निघाल्या. चिपळूणकरांच्या वाड्यातील शाळेत पहिल्या दिवशी केवळ आठ मुली आल्या होत्या; थोड्याच काळात ही संख्या ४८ वर गेली.

या शाळांचे काम लोकांच्या नजरेआड चाललेले नव्हते. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी सरकारतर्फे जोतीरावांचा शालजोडी देऊन गौरव करण्यात आला, तो विश्रामबागवाड्यात. शब्दकोशकार म्हणून मराठी वाचकांस परिचित असलेले मेजर टॉमस कँडी हे या समारंभाशी संबंधित होते. ज्या वास्तूतील पाठशाळेचे दार तीस वर्षांपूर्वी ब्राह्मणेतरांस बंद होते, तेथेच मुलींना आणि अस्पृश्यांना शिकविणाऱ्या माळी शिक्षकाचा सत्कार व्हावा, ही बदलत्या काळाची खूण होती. १२ फेब्रुवारी १८५३ रोजी झालेल्या वार्षिक परीक्षेस २३७ मुली बसल्या व ती पाहण्यासाठी सुमारे तीन हजारांचा जमाव लोटला. मुलींना वाचता येते की नाही, हे पाहण्यासाठी एवढे लोक जमावेत, यावरून त्या काळी ही गोष्ट किती अपूर्व वाटत होती, याची कल्पना येते.

मांग व महार वस्त्यांतील मुले शाळेत आणणे हे शाळा काढण्याइतकेच कठीण काम होते. मुलाला शाळेत पाठविणे म्हणजे घरातील कामाचे दोन हात कमी करणे होय. शिवाय शिकल्याने देव कोपेल व गावाचा रोष ओढवेल, ही भीती होतीच. या कामी लहुजी राघोजी साळवे (१७९४–१८८१) यांचे साहाय्य मोलाचे ठरले. लहुजी हे पुण्यातील नामांकित वस्ताद असून त्यांच्या तालमीत जोतीराव दांडपट्टा वगैरे विद्या शिकले होते. वस्तीत त्यांच्या शब्दाला वजन असल्याने मुले शाळेत येऊ लागली. मुक्ता ही लहुजींची नात असल्याचे परंपरेने मानले जाते.

मुक्ता सु. १८५२ मध्ये शाळेत दाखल झाली. या शाळांतून मोडी व बाळबोध वाचन-लेखन, व्याकरण, अंकगणित, भूगोल आणि इतिहास हे विषय शिकवीत. मुक्तेच्या लेखनाची भाषा पाहता तिच्या शिक्षणाचे फळ स्पष्ट दिसते. तिची वाक्ये लांब पण सुटसुटीत आहेत. प्रतिपक्षाचे म्हणणे आधी मांडावयाचे, ते मान्य केल्यास काय निष्पन्न होते ते दाखवावयाचे आणि मग आपला निष्कर्ष काढावयाचा, ही तिची रीत आहे. अवघ्या तीन वर्षांत अक्षरओळखीपासून युक्तिवादापर्यंतचा हा प्रवास तिने केला.

निबंध : ज्या ‘ज्ञानोदया’त निबंध छापला गेला, ते अमेरिकन मराठी मिशनचे १८४२ मध्ये सुरू झालेले नियतकालिक होय. धर्म, समाजसुधारणा व शिक्षण या विषयांवरील वादांना त्यात जागा मिळत असे. निबंधाच्या आरंभी लेखिका स्वतःस दीन व दुबळी म्हणवून ईश्वराचे स्मरण करते. हा आरंभ पाहून वाचकास प्रार्थनापर लेखनाची अपेक्षा निर्माण होते; परंतु लगेच ती वादाच्या मुळाशी हात घालते. आपल्या समाजाचा तिरस्कार वेदांच्या आधारे केला जातो, तर मग या मताचे खंडन वेद वाचून करावे लागेल. पण वेद ही आमचीच मालमत्ता असे ब्राह्मण म्हणतात आणि इतरांना ते पाहूही देत नाहीत. मुसलमानांना कुराण आहे, इंग्रजांना बायबल आहे. मांगमहारांना मात्र धर्माचे पुस्तक उघडून पाहण्याचीही मोकळीक नाही. त्या अर्थी आमचा असा धर्मच नाही, असे ती म्हणते. आपला धर्म कोणता ते ईश्वरानेच सांगावे, असे मागणे ती मागते आणि जो धर्म एकाला सर्व लाभ देतो व बाकीच्यांना नुसते पाहत ठेवतो, तो जगात राहू नये अशी इच्छा प्रकट करते.

या युक्तिवादाचे मर्म ‘पुस्तक’ या कल्पनेत आहे. धर्म म्हणजे कुळाचार, देवदेवस्की अथवा जातीची रीत असे मुक्ता मानीत नाही. आपल्याला वाचता येणारा आणि तपासता येणारा ग्रंथ ही धर्माची कसोटी तिने गृहीत धरली आहे. मिशनऱ्यांच्या प्रचारात धर्मग्रंथाला मध्यवर्ती स्थान होते व त्या विचाराचा ठसा येथे जाणवतो. तथापि तिने काढलेला निष्कर्ष स्वतंत्र आहे. ती वेदाच्या जागी दुसरा ग्रंथ सुचवीत नाही, धर्मांतराचा पुरस्कारही करीत नाही. वाचण्याचा अधिकार नाकारणाऱ्यांना, वाचता न येणाऱ्यांकडून आचाराची अपेक्षा करण्याचा अधिकार उरत नाही, एवढेच ती ठामपणे मांडते. जिला तीन वर्षांपूर्वी कोणतेच पुस्तक उघडता येत नव्हते, तिने पुस्तकाच्या मालकीचा प्रश्न सर्वांत आधी उपस्थित करावा, यात तिच्या शालेय जीवनाचा अनुभव प्रतिबिंबित झाला आहे.

यानंतर निबंध इतिहासाकडे वळतो. मांगमहारांना त्यांच्या जमिनींवरून हुसकून तेथे मोठमोठ्या इमारती उठविण्यात आल्या आणि त्या इमारतींच्या पायात त्यांना तेल-शेंदूर पाजून जिवंत पुरण्यात आले, असे ती सांगते. दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानीत मांग वा महार तालीमखान्यापुढून गेला, तर गुलटेकडीच्या मैदानावर त्याच्या मुंडक्याचा चेंडूसारखा खेळ होई, असेही ती लिहिते. राजाच्या दारावरून जाण्याची जेथे बंदी, तेथे विद्या कोण देणार, हा तिचा प्रश्न आहे. एखाद्या अस्पृश्यास वाचता येते असे कळले, तर आता दप्तराची कामे यांना देऊन ब्राह्मणांनी न्हाव्याचा धंदा करावा की काय, असे बाजीराव विचारीत असे, ही हकीकतही ती नोंदविते. येथे तिच्या लेखनात बोचरा उपहास आहे. गाढवाला मारल्यास त्याचा धनी जाब विचारतो, मांगमहारांना मारल्यास विचारणारा कोणी नाही, ही तिची तुलना त्याच वळणाची आहे.

मुक्तेने पेशवाई पाहिलेली नव्हती. त्यामुळे या हकीकती तिने वस्तीतील वडीलधाऱ्यांकडून ऐकलेल्या आहेत, हे उघड आहे. १८५५ मध्ये साठीच्या पुढे असलेल्या माणसांना बाजीरावाचे राज्य चांगले आठवत होते. यातील प्रत्येक घटना जशीच्या तशी घडली, असे मानण्याचे कारण नाही. इमारतीच्या पायात माणूस पुरण्याच्या कथा अनेक किल्ल्यांच्या व वाड्यांच्या बाबतीत सांगितल्या जातात. परंतु पेशवाईचा वृत्तांत देणारी दप्तरे, बखरी व पत्रे ही सर्व लेखणी हाती असलेल्यांनी सिद्ध केली आहेत. ज्यांच्या हाती लेखणी नव्हती, त्यांच्या स्मरणात ते राज्य कसे राहिले, हे सांगणारे त्या काळाच्या इतक्या जवळचे दुसरे लेखन क्वचितच आढळते. वडीलधाऱ्यांकडे आठवण होती, पण अक्षर नव्हते. नातवंडांच्या पिढीकडे अक्षर आले, पण अनुभव नव्हता. शाळेमुळे या दोन्हींची गाठ पडली व समाजाची मौखिक स्मृती प्रथमच कागदावर उतरली. इतिहासाचे साधन म्हणून या निबंधाचे हे महत्त्व होय.

वर्तमानातील दुःखे सांगताना लेखिकेचा स्वर बदलतो. मांगमहारांच्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या घरावर धड छप्परही नसते आणि त्या थंडीवाऱ्यात व पावसात कुडकुडतात. त्यांना आजार जडल्यास औषधास पैसा कोठून येणार व वैद्य तरी कोठून येणार, असे ती विचारते. ब्राह्मणांच्या मुलांनी धोंडे मारून रक्त काढले, तरी मांगमहारांची मुले तक्रार करीत नाहीत. कारण उष्टे अन्न आणण्यासाठी त्यांच्याच दारी जावे लागते, ही तिची नोंद मार्मिक आहे. विटाळ, दारिद्र्य आणि मुकाटपणा यांचा परस्परसंबंध तिने या एका उदाहरणाने दाखविला आहे. बाळंतिणीचे दुःख जातीच्या दुःखाचा भाग म्हणून मांडणे हे त्या काळच्या लेखनात नवीन होते. सुधारकांच्या लेखनातील स्त्रीप्रश्न त्यावेळी प्रामुख्याने उच्चवर्णीय विधवांच्या दुःखाभोवती फिरत होता. छप्पर नसलेल्या घरातील बाळंतीण त्या चर्चेत आलेली नव्हती.

लेखिकेची दृष्टी एकाच दिशेस रोखलेली नाही. महार हे मांगांस आपल्याहून हलके समजतात व त्यांचा विटाळ मानतात, ही उच्चवर्णीयांची रीत त्यांनीही उचलली आहे, याबद्दल तिने खेद व्यक्त केला आहे. जातिव्यवस्थेत पिळल्या जाणाऱ्यांमध्येही उतरंड असते, हे तिने आपल्या भोवतालच्या व्यवहारावरून टिपले आहे. तरीही निबंधाच्या शीर्षकात तिने दोन्ही जातींची नावे एकत्र घातली.

इंग्रजी राज्याविषयी तिच्या मनात कृतज्ञता आहे. बाजारातून निर्भयपणे हिंडता येते, चांगले वस्त्र नेसल्यास चोरीचा आळ येत नाही, पूर्वीचे जीवघेणे प्रकार बंद झाले आहेत, असे ती म्हणते. परकीय सत्तेविषयीची ही भावना पुढील राष्ट्रीय चळवळीच्या काळातील वाचकास खटकण्याजोगी आहे. परंतु या सत्तांतराने तिच्या समाजाच्या पदरात काय पडले याची ही यादी असून ती अत्यंत साध्या गोष्टींची आहे. रस्त्याने चालणे आणि अंगभर वस्त्र नेसणे यांचा उल्लेख लाभ म्हणून करावा लागतो, यावरूनच पूर्वीची स्थिती कळते.

निबंधाचा शेवट स्वजनांना उद्देशून आहे. अज्ञान हा रोग असून विद्या हेच त्यावरील औषध होय, असे ती मांगमहारांना बजावते. विद्येने मनातील वेडगळ समजुती जातील व नीती सुधारेल, मग जनावरांसारखी रात्रंदिवस घेतली जाणारी हजेरीही बंद होईल, अशी आशा ती दाखविते. ही हजेरी म्हणजे चोरीच्या संशयावरून विशिष्ट जातींच्या माणसांना सरकारी अंमलदारापुढे वारंवार उभे करण्याची पद्धत. निबंधाचा आरंभ वेदांपासून झाला आणि शेवट हजेरीपाशी झाला. धर्माची बंदी आणि चौकीची बंदी यांना एकाच दुःखाची दोन अंगे मानणारी ही मांडणी होय.

नंतरचा काळ : निबंध प्रसिद्ध झाल्यानंतरच्या साधनांत मुक्तेचे नाव आढळत नाही. ज्या दोन प्रश्नांना तिने हात घातला, त्यांचा पुढील इतिहास मात्र सुस्पष्ट आहे. निबंधानंतर जेमतेम सव्वा वर्षाने, जून १८५६ मध्ये, धारवाडच्या सरकारी शाळेने एका महार मुलास प्रवेश नाकारला व त्याने मुंबई सरकारकडे दाद मागितली. एका मुलासाठी शाळा इतरांना निरुपयोगी करता येत नाही, या कारणाने सरकारने ती मागणी मान्य केली नाही. प्रकरण कंपनीच्या संचालकांपर्यंत गेले. अखेरीस १८५८ मध्ये, केवळ सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्व वर्गांस खुल्या राहतील, असे तत्त्व जाहीर झाले. प्रत्यक्षात मात्र अस्पृश्य मुलांना पुढेही अनेक वर्षे व्हरांड्यात वा स्वतंत्र शाळांत बसावे लागले. मुक्ता ज्या शाळेत शिकली, तिचे वेगळेपण या पार्श्वभूमीवर ध्यानात येते.

हजेरीविषयीची तिची आशा तर उलट ठरली. १८७१ मध्ये सरकारने गुन्हेगार जमातींविषयीचा कायदा केला आणि जन्मावरून संपूर्ण जमातीला गुन्हेगार ठरविण्याच्या समजुतीस कायद्याचे रूप आले. पुढे मुंबई इलाख्यात या कायद्याखाली आलेल्यांत मांग-गारुडी ही जमातही होती. विद्या आली म्हणजे हजेरी जाईल, ही चौदा वर्षांच्या मुलीची अपेक्षा होती. ज्या राज्याला तिने निष्पक्ष मानले, त्यानेच हजेरीचे नियम अधिक कडक केले. हा कायदा स्वातंत्र्यानंतर, १९५२ मध्ये, देशभर रद्द झाला.

पुनःप्रसिद्धी व मूल्यमापन : ना. वि. जोशी यांनी आपल्या ‘पुणे शहराचे वर्णन’ (१८६८) या ग्रंथात या निबंधातील भाग उद्धृत केला. पुण्याचे वर्णन करणाऱ्या ग्रंथकारास तो शहराच्या वृत्तांताचा भाग वाटला, ही गोष्ट लक्षणीय आहे. त्यानंतर दीर्घकाळ तो फारसा चर्चेत नव्हता. फुले दांपत्याच्या कार्याच्या अभ्यासास विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चालना मिळाली, दलित साहित्याच्या व स्त्रीमुक्तीच्या चळवळी पुढे आल्या आणि निबंधाकडे पुन्हा लक्ष वेधले गेले. सूझी थारू व के. ललिता यांनी संपादिलेल्या भारतीय स्त्रियांच्या लेखनाच्या इंग्रजी संग्रहात (१९९१) त्याचा अनुवाद समाविष्ट झाल्यापासून तो मराठीबाहेरील अभ्यासकांनाही परिचित झाला.

कालानुक्रमे पाहिले असता या निबंधाचे स्थान स्पष्ट होते. जोतीरावांचे ‘तृतीय रत्न’ हे नाटक १८५५ मधीलच आहे. त्यांची ‘गुलामगिरी’ १८७३ मध्ये, म्हणजे निबंधानंतर अठरा वर्षांनी प्रसिद्ध झाली. ताराबाई शिंदे यांची ‘स्त्री-पुरुष तुलना’ १८८२ मधील, तर गोपाळबाबा वलंगकर यांचे ‘विटाळ विध्वंसन’ १८८८ मधील आहे. यांपैकी बहुतेक लेखनाआधी एका शाळकरी मुलीने धर्मग्रंथांचा अधिकार, जातीची उतरंड, स्त्रियांचे हाल आणि शिक्षणाची निकड हे विषय एकाच निबंधात आणले होते. जोतीरावांच्या विचारांचा प्रभाव त्यावर आहे हे निश्चित. परंतु उष्ट्यासाठी धोंडे सोसणारी मुले आणि छप्पर नसलेल्या घरातील बाळंतीण यांची माहिती तिला शाळेने दिलेली नव्हती. ती तिच्या वस्तीने दिली होती. शाळेने तिला ती लिहिण्याचे साधन दिले.

प्रारंभीच्या मुलींच्या शाळांचे यश सामान्यतः पटावरील संख्येने, परीक्षेच्या निकालाने किंवा मिळालेल्या अनुदानाने मोजले जाते. पुण्याच्या शाळांबाबत हे आकडे उपलब्ध आहेत आणि ते त्या काळाच्या मानाने उल्लेखनीयच आहेत. तथापि तेथे शिकलेल्या मुलींनी शिक्षणाचा उपयोग काय केला, याचे समकालीन व निःसंदिग्ध उत्तर मुक्तेच्या निबंधात मिळते. पुस्तक कोणाचे, हा तिचा प्रश्न तिने ‘ज्ञानोदया’च्या वाचकांपुढे ठेवला, त्यावेळी तिच्या समाजातील बहुसंख्यांना तो निबंध वाचता येत नव्हता. तो इतरांनी त्यांना वाचून दाखवावा लागणार होता आणि म्हणूनच तिने त्याच्या अखेरीस त्यांना शिकावयास सांगितले.